आयुष्यभर सिनेमा पाहणाऱ्याने वही कशी राखावी

वर्षानुवर्षे सिनेमा पाहून हाती काय राहिले, हा प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक चित्रपटवेड्यांना कधीतरी पडतो. शेकडो नावे आठवतात, गाणी आठवतात, कोणत्या टॉकीजमध्ये कोणता खेळ पाहिला तेही आठवते. परंतु त्या सगळ्यामुळे आपल्या विचार करण्यात नेमका कोणता फरक पडला, हे मात्र सांगता येत नाही. हा मजकूर अशा प्रेक्षकासाठी आहे. अधिक सिनेमे पाहावेत किंवा जगभरचे पाहावेत, असा सल्ला येथे नाही. तो देणारे पुष्कळ आहेत. पाहिलेल्या सिनेमाची आठवण कशी नोंदवावी, ती कशी तपासावी आणि तपासताना सापडलेल्या चुकांचे काय करावे, एवढाच याचा विषय आहे, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे सिनेमाचे वेड आणि विचार यांचा सांधा जुळतो तो याच ठिकाणी.

या पद्धतीचा मोठा आधार म्हणजे अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल. त्यांचा जन्म १९२६ साली अटलांटा येथे झाला. आई पियानो वाजवीत असे आणि मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून साथही करीत असे. कॅव्हेल स्वतः संगीतरचनाकार होण्यासाठी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संस्थेत दाखल झाले, पण तेथे त्यांचे मन रमेना. दिवस वाचनात आणि चित्रपटगृहांत जाऊ लागले. संगीत सुटले आणि ते तत्त्वज्ञानाकडे वळले. पुढे हार्वर्डमध्ये अनेक वर्षे शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १९७१ साली सिनेमावरचे आपले पहिले पुस्तक लिहिले, तेव्हा आरंभीच सांगून टाकले की साधारण १९३५ ते १९६० या पंचवीस वर्षांत सिनेमाला जाणे हा आपल्या आठवड्याचा नेहमीचा भाग होता, आणि त्या सबंध काळात सिनेमावर काही लिहावे असे मनातही आले नव्हते. लिहावेसे वाटले ते ती सवय तुटल्यावर. घरबसल्या सिनेमा पुन्हा लावून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे पुस्तकाचा बराचसा भाग आठवणीवर उभा आहे, आणि त्यातल्या काही आठवणी चुकीच्या असू शकतात हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. मला त्या पुस्तकातले सर्वांत उपयोगी वाक्य कोणते वाटते असे विचारले, तर मी या कबुलीकडेच बोट दाखवीन.

बसावे कुठे आणि कोणासोबत

पाहण्याच्या वेळी विचार करू नये, ही पहिली सूचना. ती विचित्र वाटेल, पण तिला चांगला दाखला आहे. केंब्रिजमध्ये शिकवीत असताना तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाइन व्याख्यान संपताच थकून थेट सिनेमा गाठत. त्यांचे विद्यार्थी नॉर्मन माल्कम यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की ते अगदी पहिल्या रांगेत बसण्याचा आग्रह धरीत, पुढे झुकून पाहत, म्हणजे पडद्याखेरीज डोळ्यांपुढे दुसरे काही राहू नये. आणि हे म्हणजे शॉवरखाली उभे राहण्यासारखे आहे असे म्हणत. अमेरिकन सिनेमे त्यांना आवडत, ब्रिटिश मुळीच नाही. विसाव्या शतकातल्या सर्वांत काटेकोर विचारवंतांपैकी एक जण सिनेमा पाहताना विचार बाजूला ठेवीत असे, हे ध्यानात घ्यावे. (पहिली रांग मात्र प्रत्येकाने धरावी असे नाही, मानेचे दुखणे असणाऱ्याने मधल्या रांगेत खुशाल बसावे.)

याच्या उलट उदाहरण पुण्यात होते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे रुजू झालेले पी. के. नायर १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याचा कणा बनून राहिले. ते अंधारात छोट्या बॅटरीच्या उजेडात वहीत टिपणे करीत, आणि कोणते दृश्य कोणत्या रिळात आहे हे त्यांना तोंडपाठ असे. हे वाचून अनेकांना चित्रपटगृहात वही उघडण्याचा मोह होतो. तो आवरावा. नायर यांची वही संग्रहपालाची होती. त्यांना सिनेमा जतन करायचा होता आणि त्यासाठी रिळागणिक नोंद आवश्यकच होती. आपल्याला जतन करायची आहे ती आपल्या मनावर उमटलेली खूण, आणि ती उमटण्यासाठी आधी हात रिकामे असावे लागतात.

सोबत कोण होते, याची नोंद मात्र अवश्य करावी. सिनेमाच्या आठवणी आणि आयुष्याच्या आठवणी एकमेकींत गुंफलेल्या असतात, आणि त्यांत सोबतीला किंवा सोबत नसण्याला मोठे स्थान असते, असे कॅव्हेल सांगतात. आत्याबरोबर पाहिलेला पौराणिक चित्रपट आणि तोच चित्रपट कॉलेज बुडवून मित्रांबरोबर पाहिला असता, तर आठवणीत उरणारे दृश्य एकच असेल याची खात्री देता येत नाही. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत वही मागाहून भरायची असेल, तर नावापेक्षा सोबत्यापासून सुरुवात करणे सोपे जाते.

त्याच रात्रीची नोंद

वही साधी, रेघांची, जाड पुठ्ठ्याची घ्यावी. नोंद डाव्या पानावर करावी आणि समोरचे उजवे पान पूर्ण कोरे सोडावे. त्या कोऱ्या पानाचा उपयोग पुढे येईल. नोंद त्याच रात्री, आणि कोणाचेही परीक्षण वाचण्यापूर्वी करावी. परीक्षण वाचल्यानंतर आपल्याला काय दिसले आणि दुसऱ्याने काय दाखवले यांतली सीमा पुसली जाते आणि मग ती पुन्हा आखता येत नाही.

काय लिहावे, याबद्दल मी बरीच वर्षे चुकत होतो. आधी कथानक लिहीत असे. ते कुठेही मिळते. मग मत लिहू लागलो आणि पाचापैकी किती तारे तेही. दहा वर्षांनी ती पाने उघडली तेव्हा त्यांत मला सिनेमाही दिसला नाही आणि मी स्वतःही दिसलो नाही. दिसले ते त्या काळात प्रचलित असलेले शब्द. तेव्हापासून एक नियम केला आहे. तारीख, ठिकाण आणि सोबत यांच्यानंतर एकच दृश्य निवडायचे, आणि ते विशेषणाशिवाय लिहायचे. पात्र कोठून कोठे गेले, कॅमेरा कोठे होता, तो हलला की स्थिर राहिला, त्या वेळी काय ऐकू येत होते, दृश्य कशावर तुटले, एवढेच. ‘हृदयस्पर्शी’, ‘प्रभावी’, ‘अस्वस्थ करणारे’ या शब्दांना वहीत प्रवेश नाही. सवय नसताना दहा ओळी लिहायलाही अर्धा तास लागतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट घेऊ. त्याच्याबद्दल ‘न्यायव्यवस्थेवर भाष्य’ असे लिहिणे सहज सुचते आणि त्याचा उपयोग शून्य असतो. त्याऐवजी असे लिहावे: न्यायालयाला सुट्टी लागते, माणसे बाहेर पडतात, दालनातले दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो, सिनेमा संपला असे वाटून आपण चपला शोधू लागतो, आणि तेवढ्यात चित्र पुन्हा उजळते व न्यायाधीश सहलीच्या ठिकाणी दिसू लागतात. एवढे लिहिले की प्रश्न आपोआप समोर उभा राहतो. अंधार झाल्यावर सिनेमा संपवला असता तर काय बिघडले असते? झाला प्रकार एका व्यवस्थेचा दोष म्हणून मागे सोडून आपल्याला घरी जाता आले असते. ते जाता येऊ नये म्हणून दिग्दर्शक आपल्याला खुर्चीत परत बसवतो आणि त्याच माणसाला सुट्टीत, झग्याविना, इतरांसारखाच दाखवतो. हा विचार बरोबर आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण वाद घालण्यासाठी बोट ठेवायला जागा मिळाली आहे. ‘भाष्य’ या शब्दाने ती मिळाली नसती.

नोंदीच्या शेवटी एक प्रश्न लिहावा. उत्तर लिहू नये.

चुकलेली आठवण

या पद्धतीचा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

निदान एका वर्षाने, शक्य तर अधिक काळाने, त्याच सिनेमाकडे परत जावे. जाण्यापूर्वी जुनी नोंद वाचू नये. एका सुट्या कागदावर तेच दृश्य आता आठवते तसे पुन्हा लिहावे. मग सिनेमा सबंध पाहावा, मध्ये न थांबवता. हल्ली फोनवर बोट ठेवून दृश्य मागे-पुढे करण्याची सोय आहे आणि ती मोठी नामी आहे, पण ती सिनेमा संपल्यावर वापरावी. शेवटी ते एकच दृश्य दोन-तीनदा लावून कागदाशी ताडून पाहावे. कागद आणि पडदा यांच्यात फरक सापडतो. माझ्या बाबतीत तो सापडला नाही असे क्वचितच घडले आहे.

सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’मधले आगगाडीचे दृश्य मला लख्ख आठवते असा माझा समज होता. कास नावाच्या गवताची पांढरी फुले, ऊस चघळणारी दोन मुले, खांबाला लावलेला कान, दूरवर धूर, आणि मग अपू आणि दुर्गा रुळांशेजारी उभे राहून गाडी पाहत आहेत. मित्रांना मी ते असेच कितीदा तरी सांगितले होते. पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की दुर्गा धावताना अडखळून पडते. रुळांपर्यंत पोहोचतो तो एकटा अपू, आणि कॅमेरा गाडीच्या पलीकडे जाऊन चाकांच्या फटींतून त्याला दाखवतो. बहीण-भाऊ शेजारी उभे आहेत असे चित्र त्या सिनेमात नाही. ते मी तयार केले होते.

का तयार केले, हा प्रश्न मग मी कोऱ्या पानावर लिहिला. पहिले उत्तर सोपे होते: दोघे एकत्र आनंद लुटतात असे पाहण्याची माझीच इच्छा. दुसरे उत्तर यायला काही दिवस लागले. पुढे आजारी पडलेली दुर्गा अपूला म्हणते की बरी झाले म्हणजे गाडी पाहायला जाऊ. ते वाक्य मी प्रत्येक वेळी केवळ मरणाच्या सावलीतले म्हणून ऐकत आलो होतो. तिची गाडी हुकली होती हे विसरल्यामुळे त्या वाक्यातली साधी, व्यवहारातली मागणी मला ऐकूच आली नव्हती. ती पुन्हा जायचे म्हणते, कारण पहिल्या वेळी तिला नीट पाहायला मिळाले नाही. माझ्या चुकीने तिला जे मिळाले नव्हते ते बहाल करून टाकले होते, आणि तसे करून तिचे दुःख पुसले होते. दुसऱ्याच्या वंचनेकडे आपण कसे पाहतो यावर मी पुष्कळ वाचले होते, पण माझ्या बाबतीत ही गोष्ट रंगेहाथ पकडली गेली ती या एका पानावर.

चुकांचे काही प्रकार वारंवार भेटतात. प्रसंगांचा क्रम उलटा होतो. बहुधा आपण परिणामाला कारणाच्या आधी नेऊन ठेवतो, म्हणजे पात्र आधीपासूनच तसे होते असे ठरवून टाकतो. न वाजलेले संगीत आठवते, आणि ते आठवले म्हणजे दिग्दर्शकाने जेथे आपल्याला आधार दिला नव्हता तेथे आपण तो शोधला, असे समजावे. दोन दुय्यम पात्रांचे एक पात्र होते. हे नोकर, शेजारी आणि म्हाताऱ्या बायका यांच्या बाबतीत अधिक घडते, आणि त्यावरून आपण रोजच्या जगण्यात कोणाचे चेहरे नीट पाहत नाही याचा पत्ता लागतो. क्षणभराचे दृश्य दीर्घ आठवते. यासाठी घड्याळ लावून सेकंद मोजावेत. अनेकदा मिनिटभराचे वाटलेले दृश्य दहा सेकंदांत उरकते.

चूक सापडली म्हणून जुनी नोंद खोडू नये, फाडू तर मुळीच नये. दुरुस्ती उजव्या पानावर, वेगळ्या शाईने आणि तारखेसह करावी.

थोडे सिनेमे, शेजारी-शेजारी

अशा रीतीने सगळेच सिनेमे पाहता येत नाहीत आणि पाहूही नयेत. आठवड्याला जे पाहायचे ते खुशाल पाहावे; वहीत मात्र मोजकेच यावेत. आग्र्याला अर्थशास्त्र शिकवणारे सतीश बहादूर साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि तेथे त्यांनी चित्रपट रसास्वाद शिकवला. ‘पथेर पांचाली’चे एकेक दृश्य उलगडून दाखवणे हा त्यांच्या शिकवण्याचा नावाजलेला भाग होता. अरुण खोपकर यांनी गुरुदत्त यांच्यावर मराठीत लिहिलेले पुस्तक तीन चित्रपटांभोवती उभे आहे, आणि १९८५ साठीचा चित्रपटविषयक उत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तीनच चित्रपट, पण त्यांतला उजेड, कॅमेऱ्याची हालचाल आणि नटाची नजर यांवर इतक्या सावकाश लिहिणारे मराठीत त्या आधी फारसे कोणी नव्हते.

कॅव्हेल यांनी १९८१ च्या पुस्तकासाठी सात विनोदी बोलपट निवडले, सगळे हॉलिवूडचे, १९३४ ते १९४९ या काळातले, आणि त्यांच्या तरुणपणी गल्लाभरू म्हणून पाहिले गेलेले. ते शेजारी-शेजारी ठेवल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली: दोन तरुण जीव लग्नापर्यंत कसे पोहोचतात ही नेहमीची गोष्ट येथे मध्यवर्ती नाही, येथे तुटलेले किंवा तुटू पाहणारे जोडपे पुन्हा एकत्र येते. मग प्रश्न बदलतो. प्रेम कसे जुळते हा न राहता, दोन माणसांना पुन्हा एकमेकांची निवड करावीशी का वाटते, हा होतो. त्यांचे उत्तर संभाषणाकडे जाते. या जोडप्यांची अखंड चाललेली शाब्दिक चकमक म्हणजे करमणुकीचा वरचा मुलामा नसून तेच त्यांचे लग्न आहे, असे ते मांडतात. रोजच्या बोलण्यात माणसे शब्द कसे वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या तत्त्वज्ञाला हे दिसावे यात नवल नाही. पण मला वाटते, मुलगा म्हणून दर आठवड्याला ऐकलेली ती बोलणी आधी कानात मुरली होती आणि तत्त्वज्ञानाची निवड काही अंशी त्या कानाने केली.

आपली निवड कशी करावी? थोर चित्रपटांच्या याद्या बाजूला ठेवाव्यात. जे आवडतात पण का आवडतात हे सांगता येत नाही, असे पाच-सहा सिनेमे घ्यावेत, त्यांत एखादा लाज वाटावी असाही असू द्यावा. त्यांच्यात एखादी लहान, डोळ्यांना दिसणारी समान गोष्ट शोधावी. घर सोडून जाणाऱ्याच्या मागे दार कोण लावून घेते? पत्र कोण वाचते, आणि मोठ्याने की मनात? जेवताना कोण उभे असते? ‘कुटुंबव्यवस्था’ किंवा ‘स्थलांतर’ असा प्रश्न घेऊन सिनेमाकडे गेलो, तर सिनेमा आपल्याला आधीच ठाऊक असलेले परत देतो. दाराचा प्रश्न घेऊन गेलो, तर स्थलांतराबद्दल न सुचलेले काही हाती लागण्याचा संभव असतो.

एक गोष्ट ओघात सांगायला हवी, नाहीतर वर्षे मोजण्याचा अहंकार चढतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ ह्युगो म्युन्स्टरबर्ग पन्नाशीपर्यंत सिनेमाला जाणे प्राध्यापकाला अशोभनीय मानीत. १९१५ च्या सुमारास ते पाहू लागले आणि १९१६ साली त्यांचे पुस्तक आले. जवळून घेतलेले दृश्य म्हणजे आपले अवधान जणू पडद्यावर घडते आहे, मागे जाणारे कथन म्हणजे स्मृती, असे त्यांनी त्यात सांगितले. मोजक्याच सिनेमांवर, पण योग्य प्रश्न विचारून.

वही दुसऱ्याला वाचून दाखवणे

एकट्याने चुका सापडतात, पण सगळ्या नाहीत. फिल्म सोसायट्यांची चळवळ याच गरजेतून वाढली; मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चित्रपट दाखवत आणि त्यांवर बोलत आले आहे. गावात सोसायटी नसेल तर दोन माणसे पुरतात. एकच सिनेमा पाहून प्रत्येकाने आपले दृश्य लिहावे आणि ताडून पाहण्यापूर्वी मोठ्याने वाचावे. आमच्याकडे या वेळी मते मांडण्यास बंदी असते, आणि ती बंदी पाळणे सर्वांत जास्त बोलणाऱ्यालाच जड जाते, हे वेगळे सांगायला नको. तिघांनी तीन वेगळ्या जागी कॅमेरा ठेवलेला असतो. तो खरोखर कोठे होता हे पाहायला मग सगळे उत्सुक असतात.

जुन्या सिनेमांबद्दलच्या हळवेपणाला वहीत फार थारा देऊ नये. पडद्याकडे जाणाऱ्या प्रकाशझोतातली धूळ, मध्यंतरातले बटाटेवडे, पाडलेली टॉकीज, यांवर लिहिणे सुखाचे असते आणि त्यात सिनेमा हरवतो. ठिकाण आणि सोबत यांची एक ओळ त्यासाठी पुरे आहे.

दर चार-पाच वर्षांनी जुन्या वह्या काढून फक्त उजवी पाने सलग वाचावीत. माझ्या वहीतल्या ‘पथेर पांचाली’च्या पानासमोर आता तीन शाईंतल्या नोंदी आहेत. तिसरी मागच्या पावसाळ्यातली आहे. सिनेमा पुन्हा लावण्याआधी आठवणीने लिहायला बसलो, तेव्हा पडल्यानंतर दुर्गा उठून धावू लागते की तिथेच थांबते, हे मला लिहिता आले नाही. तेवढी ओळ रिकामी सोडून खाली तारीख घातली आहे.